दयेलाही हिशोब लागतो

जखमी कुत्र्याला रस्त्यावरून उचलणारे हात आजकाल लगेच मिळतात. ही चांगली गोष्ट आहे. पण महिन्याभराने त्या कुत्र्याचं काय झालं, हे खात्रीने सांगणारं माणूस शोधायला गेलं की पंचाईत होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या गटांवर लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो तो या दुसऱ्या प्रश्नावर. मी परंदवडीला राहते. पतसंस्थेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर या कामात ओढली गेले. जे पाहिलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सोमाटणे फाट्यावरून पवन मावळात शिरलं की आमचं गाव लागतं. महामार्ग जवळ, द्रुतगती मार्ग जवळ, भोवताली नव्या सोसायट्या आणि शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले. पावसाळी पर्यटन ओसरून बंगल्यांना कुलपं लागली की रस्त्याच्या कडेला एखादा लॅब्रडॉर किंवा हस्की दिसायला लागतो. गळ्यात पट्ट्याचा व्रण असतो आणि गाडी आली तर कुठे सरकायचं हेही त्याला कळत नसतं. शहरातून गाडीत घालून आणलेली गावठी कुत्रीसुद्धा नदीकडच्या रस्त्यांना सोडली जातात. महामार्गावर अपघात तर नेहमीचेच. अशा वेळी सरकारी यंत्रणा पोहोचायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट पोहोचतात. त्यातली बहुतेक माणसं स्वतःचं पेट्रोल जाळतात, सुट्टीचे दिवस घालवतात, घरच्यांची बोलणी खातात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे बोलणं गरजेचं वाटतं.

तांबूची गोष्ट

दसऱ्याच्या सुमारास फाट्याजवळ एका गाडीने तांबूस रंगाच्या गावठी कुत्रीला उडवलं. शेजारच्या मुलांनी तिला पोत्यावर घालून माझ्या पडवीत आणलं. जवळच्या डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, पुढच्या उजव्या पायाला सलाईनची सुई लावून त्यावर निळी पट्टी गुंडाळली आणि सांगितलं, मागच्या मांडीचं हाड मोडलंय, प्लेट टाकावी लागेल, पुण्याला न्या. मुलांनी तिचं नाव तांबू ठेवलं.

आमच्या भागातल्या एका गटावर फोटो गेला आणि संध्याकाळपर्यंत गट चालवणाऱ्या ताई गाडी घेऊन दारात हजर झाल्या. "काकू, तुम्ही निश्चिंत राहा. आता ती आमची जबाबदारी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, असं मी आजही म्हणेन.

त्याच रात्री गटावर आवाहन आलं: शस्त्रक्रियेसाठी ३५,००० रुपये हवेत. खाली क्यूआर कोड, तो ताईंच्या स्वतःच्या खात्याचा. गावातल्या पोरांनी पन्नास-पन्नास रुपये टाकले, सोसायट्यांतल्या मंडळींनी हजार-दोन हजार. दोन दिवसांत "रक्कम पूर्ण झाली, देव तुमचं भलं करो" असा निरोप आला. मग "ऑपरेशन झालं, बाळ रिकव्हर होतंय." दिवाळी उलटल्यावर औषधं आणि बोर्डिंगच्या खर्चासाठी पुन्हा आवाहन, सोबत "आजचा" फोटो.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. पुढच्या उजव्या पायाला तीच निळी पट्टी होती. सलाईनची सुई एका जागी फार तर तीन-चार दिवस ठेवतात, त्यानंतर तिथे सूज येते. इथे तर आठवडे लोटले होते. आणि कुत्रीच्या मागे दिसणारी लाल कोब्याची जमीन, कोपऱ्यातलं पितळी घंगाळ माझ्याच पडवीतलं होतं. पहिल्या दिवशीचाच फोटो थोडा कापून पुन्हा टाकला होता.

मी ज्या दवाखान्याचं नाव गटावर आलं होतं तिथे फोन केला. एक्स-रे काढला होता, खर्चाचा अंदाज दिला होता, आगाऊ रक्कम भरली गेली नाही आणि तिसऱ्या दिवशी कुत्रीला घेऊन गेले, एवढीच नोंद. शोधत शोधत शहराच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचले. तांबू तिथे होती. शस्त्रक्रिया झालीच नव्हती. हाड वाकडं जुळलं होतं आणि पाय जमिनीला टेकत नव्हता. शेडवाल्याचे पैसे थकले होते, तरी तो तिला भात-अंडी घालत होता. त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

मी गटावर सरळ विचारलं: जमलेल्या रकमेचा तपशील आणि दवाखान्याच्या पावत्या टाकाल का? ताईंचं उत्तर आलं, "आम्ही रात्रंदिवस राबतो आणि तुम्ही घरी बसून हिशोब मागता?" थोड्या वेळात मला गटातून काढून टाकलं.

त्यानंतर जे कळलं ते जास्त महत्त्वाचं. गटातल्या अनेकांनी मला खासगीत फोन केले. प्रत्येकाकडे एकेक प्राणी होता, ज्याचा पुढचा पत्ता लागत नव्हता. आम्ही आपापले पैसे पाठवल्याचे पुरावे एकत्र ठेवले, दवाखान्यांत चौकशी केली. चित्र स्पष्ट झालं. या पैशांतून कुणी बंगला बांधला नव्हता. तांबूच्या नावावर जमलेले पैसे आधीच्या कुत्र्यांच्या थकलेल्या बिलांना गेले होते, आणि तांबूचं बिल पुढच्या एखाद्या जखमी प्राण्याच्या नावाने फेडायचं होतं. सगळं एका माणसाच्या खात्यात, एका माणसाच्या डोक्यात. क्षमतेपलीकडे प्राणी उचलले की ही साखळी सुरू होते आणि मग ती थांबवता येत नाही, कारण थांबवायची तर आधी खरं सांगावं लागतं.

चोरी आणि गोंधळ यांत कायद्याच्या दृष्टीने फरक असेल. तांबूच्या पायाच्या दृष्टीने काहीच नव्हता.

विश्वास नेमका कुठे तुटतो

या कामाची एक अडचण जन्मजात आहे. पैसे देणारा फक्त फोटो पाहतो. ज्याच्यासाठी पैसे दिले तो प्राणी बोलू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, "माझ्या नावाने किती जमले" असं विचारू शकत नाही. या दोघांची सहसा गाठही पडत नाही. मधलं सगळं तिसऱ्या माणसाच्या शब्दावर चालतं. म्हणून इथे नोंद हाच एकमेव साक्षीदार. हिशोब मागणारा माणूस गटाचा अपमान करत नसतो, तो मुक्या प्राण्याच्या वतीने बोलत असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरी ठेवल्याचं उघड झालं. दुर्गंधी आणि आवाजाला कंटाळलेल्या शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, पशुसंवर्धन खात्याची माणसं आणि पोलीस आले आणि मांजरी हलवण्याची नोटीस निघाली. एवढी मांजरं एका दिवसात जमत नाहीत. एक उचललं, मग दुसरं, आणि "आता पुरे" म्हणणारं जवळ कुणी नसलं की आकडा असा वाढत जातो. प्रेम असतं, पण तीनशे मांजरांना लस, नसबंदी, स्वच्छ वाळू आणि आजाऱ्यांना वेगळी जागा प्रेमाने मिळत नाही. एका घराच्या बाबतीत जे शेजाऱ्यांना नाकाने कळलं, ते गटाच्या बाबतीत नोंदवहीशिवाय कळायचा मार्ग नाही.

कायदा आपल्याकडे आहे, पण तोकडा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ सांगतात की भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर जिथून उचललं तिथेच सोडायचं. म्हणजे शहरातली धडधाकट कुत्री उचलून मावळात सोडणं हा "रेस्क्यू" नव्हे, ते नियमबाह्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबतच्या आदेशात बदल करताना दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि सोबत हेही बजावलं की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही घेणाऱ्याची जबाबदारी. मात्र दत्तक देणाऱ्या लहानसहान गटांची तपासणी करणारी नेमकी व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून प्राण्यांचं आश्रयस्थान चालवायला आणि प्राण्यांना नवी घरं मिळवून द्यायला परवाना लागतो. आपल्याकडे अशी व्यवस्था येईतोवर तपासणीचं काम दात्यालाच करावं लागणार.

पैसे देण्याआधी

खातं कुणाचं आहे ते आधी पाहा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव दिसतं. संस्थेचं नाव आणि खात्याचं नाव एकच हवं. संस्था नोंदणीकृत असेल तर ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली न्यास असेल, सोसायटी असेल किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असेल. नोंदणी क्रमांक मागा. न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाकडून तो पडताळता येतो. आयकरातली ८०-जी ची सवलत सांगत असतील तर आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळायला हवं. ते मिळत नसेल तर जाहिरातीतल्या ८०-जी ला अर्थ नाही.

नोंदणी नाही म्हणजे माणसं खोटी, असं मुळीच नाही. चांगलं काम करणारे कितीतरी जण एकटेदुकटे आहेत. त्यांच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरा आणि प्राण्याचा केस क्रमांक लिहा. खरं काम करणाऱ्याला याचं ओझं वाटत नाही, उलट त्याच्या डोक्यावरचा भार उतरतो.

तीन कागद वेगवेगळे ओळखायला शिका: खर्चाचा अंदाज, अंतिम बिल आणि पैसे मिळाल्याची पावती. आवाहनासोबत बहुतेक वेळा पहिलाच कागद असतो आणि लोक तो बिल समजतात. अंदाजावर पैसे गोळा करणं चूक नाही, पण पुढचे दोन कागद आल्याशिवाय दुसरं आवाहन येता कामा नये. बिलावर तारीख, प्राण्याचं वर्णन, दवाखान्याचा पत्ता आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. शंका आली तर दवाखान्यात फोन करा. "हा प्राणी तुमच्याकडे आहे का, किती रक्कम बाकी आहे" एवढंच विचारा.

फोटोपेक्षा दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल बरा. फोटोच आला तर पट्टी, सुई, केस कापलेली जागा, मागची जमीन नीट पाहा. जखम पुढे सरकते, केस वाढतात, पट्टीचा रंग बदलतो. महिनाभर सगळं जसंच्या तसं असेल तर विचारा.

आणि एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: प्राणी वाचला नाही किंवा रक्कम जास्त जमली तर उरलेल्या पैशांचं काय? याचं उत्तर आवाहनातच असायला हवं.

फुकट पिल्लाच्या नावाने होणारी फसवणूकही खूप आहे. "पिल्लू मोफत, फक्त वाहतूक खर्च पाठवा." मग पिंजऱ्याचे पैसे, मग विम्याचे, मग फोन बंद. प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. दत्तक म्हणून जातिवंत पिल्लांची विक्री चालते, तीही ओळखा. श्वान प्रजनन व विपणन नियम २०१७ नुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. लस आणि नसबंदीचा खर्च म्हणून थोडी रक्कम घेणं समजू शकतं. जातीनुसार "शुल्क" बदलत असेल तर तो धंदा आहे.

प्राणी सोपवताना आणि घेताना

लोणावळ्याच्या एका बंगल्यात सोडून दिलेली लॅब्रडॉर मादी आमच्या ओळखीतल्या गटाने एका "फार्महाऊसवाल्या कुटुंबाला" दिली. मोठं आवार, फोटोत मुलं, सगळं छान. नसबंदी मात्र केली नव्हती. पुढे विक्रीला निघालेल्या पिल्लांच्या फोटोत त्यांची आई दिसली, कानाची फाटकी कड ओळखीची होती. जातिवंत मादी फुकट मिळवून तिच्यावर वेत काढणारे लोक आहेत आणि दत्तक गट हा त्यांचा सगळ्यात स्वस्त बाजार आहे.

म्हणून पहिला नियम: वय आणि तब्येत परवानगी देत असेल तर नसबंदी करूनच सोपवा. पिल्लू लहान असेल तर नसबंदीची तारीख लिहून घ्या आणि ती झाल्यावर परत मिळणारी अनामत ठेवा. गावठी कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, हे घेणाऱ्यालाही दाखवा.

दुसरा नियम: घरभेट. फोनवर सगळेच प्रेमळ असतात. घरी गेलं की दिसतं, कुत्रा झोपणार कुठे, साखळी किती लांब आहे, घरातल्या आजींना तो हवा आहे की नको, भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे की नाही. फार्महाऊस असेल तर सोमवार ते शुक्रवार त्याला खायला कोण घालणार हे त्या माणसालाच भेटून विचारा. मावळात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तिसरा नियम: लेखी हमीपत्र. भटक्या प्राण्यांच्या दत्तकविधानासाठी भारतीय पशुकल्याण मंडळाने कार्यपद्धती घालून दिली आहे, ती समोर ठेवा. ओळखपत्राची प्रत, पत्ता, दोन फोन क्रमांक घ्या आणि एक अट ठळक लिहा: सांभाळणं जमलं नाही तर प्राणी आमच्याकडेच परत द्यायचा, परस्पर तिसऱ्याला नाही. परत आणणाऱ्याला दोष देऊ नका. दोष दिला की पुढचा माणूस परत आणण्याऐवजी घाटात सोडून येईल.

चौथा नियम: पाठपुरावा. पहिला आठवडा, पहिला महिना, तिसरा महिना. एक भेट न कळवता. नव्या घरी पहिल्या काही दिवसांत कुत्री पळून जाण्याचा धोका फार असतो, म्हणून गळ्यात फोन क्रमांकाचा बिल्ला असूच द्या. मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्यात फक्त १५ अंकी क्रमांक असतो हे लक्षात ठेवा. मालकाचं नाव-गाव गटाच्या नोंदवहीत नसेल तर ती चिप निरुपयोगी.

घेणाऱ्यांनीही गटाला पारखावं. लसीकरण कार्डावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. पेनाने लिहिलेलं "व्हॅक्सिन डन" चालवून घेऊ नका. पिल्लांना पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांनी देतात, त्यामुळे महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर सगळ्या लसी दिसल्या तर कार्ड खोटं आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार लागण झाल्यावर लगेच दिसत नाहीत, म्हणून घरी दुसरा कुत्रा असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. आजार लपवून प्राणी गळ्यात मारणारा गट आणि आजार सांगून औषधांची यादी हातात देणारा गट, यांतल्या दुसऱ्यावर विश्वास ठेवा.

पोपट किंवा तारा कासव "दत्तक" देण्याच्या पोस्टही फिरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली देशी पोपट आणि तारा कासव घरात पाळणं गुन्हा आहे, मग ते फुकट का मिळेना. असा प्राणी दिसला तर वनविभागाला कळवा.

गट चालवणाऱ्यांसाठी

आपल्या गावात गणपतीची वर्गणी कशी चालते ते आठवा. पावतीपुस्तक असतं, विसर्जनानंतर जमाखर्च फलकावर लागतो, ढोलताशाला किती गेले यावर चार लोक वाद घालतात आणि तरी पुढच्या वर्षी वर्गणी देतात. वाद होतो म्हणून विश्वास टिकतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. ही तरतूद गणपतीपुरती नाही, धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्यांसाठी ती आहे. प्राण्यांच्या नावाने वर्षभर पैसे गोळा करणाऱ्या गटाने मंडळाइतकी तरी शिस्त पाळायला काय हरकत आहे?

काम वाढलं की नोंदणी करून घ्या. तोवर निदान स्वतंत्र खातं ठेवा, दोघांच्या सहीचं. दर महिन्याला जमाखर्च गटावर टाका, त्यात थकबाकीही दाखवा. "या महिन्यात अमुक इतकी उधारी आहे" असं सरळ सांगितलं तर लोक उधारी फेडायलाही पैसे देतात, हा माझा अनुभव आहे. एका प्राण्याचे पैसे दुसऱ्यासाठी वापरावे लागणार असतील तर तसं आधी सांगा.

प्रत्येक प्राण्याला क्रमांक द्या. कुठून आला, कुणी आणला, तारीख, खूण, नसबंदी, लस, खर्च आणि सध्याचा मुक्काम, एवढे रकाने साध्या वहीतही मावतात. ही वही किमान दोघांकडे असावी.

क्षमता ठरवा आणि ती पाळा. "आमच्याकडे जागा नाही" हे वाक्य क्रूर नाही. जागा नसताना उचललेल्या प्राण्याचं जे होतं ते क्रूर असतं. मृत्यू लपवू नका. पार्व्होत पिल्लं दगावतात, अपघातात सापडलेली कुत्री ऑपरेशनच्या टेबलावर जातात, हे लोकांना समजतं. लपवलेला मृत्यू बाहेर आला की मात्र खरं सांगितलेल्या शंभर गोष्टींवरचाही विश्वास जातो.

कार्यकर्त्यांना रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस द्या. चावा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्वयंसेवकाची काळजी न घेणारा गट प्राण्याची काय घेणार?

बिनसलंच तर

आधी प्राणी, मग पैसे. प्राणी आत्ता कुठे आहे, हे लेखी विचारा आणि तो ताब्यात मिळेल का ते पाहा. समाजमाध्यमांवर नाव घेऊन झोड उठवली तर समोरचा माणूस दारं लावून घेतो आणि आत अडकलेल्या प्राण्यांचे हाल होतात. वर बदनामीचा दावा आपल्याच अंगावर येऊ शकतो.

आवाहनं, संभाषणं यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, गटातून काढल्यावर ते मिळत नाहीत. पैसे पाठवल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक जपून ठेवा. ऑनलाइन फसवणूक वाटत असेल तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या भागासाठी शिरगाव-परंदवडी पोलीस ठाणं आहे. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६, फसवणुकीसाठी ३१८ आणि प्राण्याला ठार किंवा जायबंदी करण्यासाठी ३२५ आहे. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. प्राणी वाईट स्थितीत असतील तर पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी आणि भारतीय पशुकल्याण मंडळ यांनाही कळवा. एकट्याने जाण्यापेक्षा चार तक्रारदारांनी एकत्र, तारीखवार टिपण घेऊन गेलेलं बरं. आमचंही काम टिपणामुळेच पुढे सरकलं. ती शेड रिकामी झाली, प्राणी वेगवेगळ्या ठिकाणी लागले आणि त्या ताईंनी नवीन प्राणी घेणं थांबवलं.

आता आम्ही गावातले काही जण मिळून लहान प्रमाणावर काम करतो. दवाखान्याचं बिल दवाखान्यात भरतो, वही दोघांकडे असते, जागा संपली की नाही म्हणतो. नाही म्हणताना त्रास होतो, पण घेतलेल्या प्रत्येक प्राण्याचा आजचा पत्ता सांगता येतो.

हे वाचून कुणी मदत थांबवू नये. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकाला रात्री-अपरात्री हाक मारताना आपण दोनदा विचार करत नाही, कारण त्यांचं काम मावळाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्राण्यांच्या गटांनाही तोच विश्वास मिळू शकतो, तसे गट आहेतही, आणि विचारणाऱ्यांच्या संशयी नजरेपेक्षा न विचारणाऱ्यांच्या उदासीनतेने त्यांचं जास्त नुकसान होतं. कुणी विचारलंच नाही तर बेहिशोबी गटही त्यांच्याइतकेच पैसे जमवतो, मग नीट वही ठेवणाऱ्याने ती का ठेवावी?

म्हणून पुढचं आवाहन तुमच्या फोनवर येईल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: प्राणी आत्ता कुठे आहे, आणि आधीच्या प्राण्याच्या पावत्या कुठे आहेत? उत्तर मिळालं तर हात आखडता घेऊ नका. दरमहा द्या, रद्दी द्या, जुन्या चादरी द्या, एखादा रविवार द्या. उत्तराऐवजी राग मिळाला तर ते पैसे थेट दवाखान्यात भरा आणि पावती आपल्याजवळ ठेवा.